भाड्याच्या खोलीतली स्पॅनिश

सुनेचा एक हात माझ्या जावेने धरला होता, दुसरा शेजारच्या म्हातारीने. तिला ओटीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावरची टिकली कुणीतरी आधीच काढली होती आणि आता बांगड्या फोडायच्या की उतरवायच्या यावर बायकांत वाद चालला होता. जाऊ म्हणत होती फोडायच्या, तशी रीत आहे. शेजारची म्हणत होती काच लागेल, नुसत्या उतरवू. सून कुणाकडेच बघत नव्हती. तिच्या बोटांना तांदळाचं पीठ होतं. भाकरी तव्यावर टाकायच्या आत तिला उठवून आणलं होतं.

ज्याच्या नावाने हे चाललं होतं तो माझा धाकटा मुलगा. तो मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला असतो. त्या दिवशी तो पेरू नावाच्या देशात, कुठल्याशा बंदरातल्या हॉस्पिटलात होता, एवढंच आम्हाला ठाऊक. तो मेला असं कुणी सांगितलं नव्हतं. तरी अंगणात अर्धं गाव जमलं होतं.

मी म्हटलं, "हात सोडा तिचे."

जाऊ म्हणाली, "अगो, तुला आता काय सुचत नाय. तू आत जाऊन बस."

"मला सगळं सुचतंय. तो गेला हे तुला कुणी सांगितलं तेवढं सांग."

तिने माझ्या दिरांकडे पाहिलं. सगळ्याच बायका तिकडे बघायला लागल्या. दीर अंगणात खुर्चीवर बसले होते, डोकं उघडं, टोपी मांडीवर. त्यांनी काही मान वर केली नाही.

झालं होतं ते असं. दोन दिवस आधी जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून फोन आला की तुमच्या मुलाच्या पोटात जोरात दुखायला लागलं, त्याला बंदरात उतरवून दाखल केलंय, ऑपरेशन करावं लागेल, काळजी करू नका. काळजी करू नका हे सांगायला त्यांना पगार मिळतो. पुढे रविवार आला, ऑफिस बंद. तिकडच्या एजंटाचा म्हणून दिलेला नंबर नुसता वाजायचा. संध्याकाळी सुनेच्या फोनवर लांबलचक नंबरचा फोन आला. बाईचा आवाज. सुनेने हिंदीत बोलून पाहिलं, मराठीत बोलून पाहिलं. तेवढ्यात दीर आले. ते उरणच्या बंदरात नोकरी करून निवृत्त झालेले. आमच्या गावात इंग्रजी कागद आला, बँकेचा असो की जमिनीचा, तो त्यांच्याकडे जातो. इंग्रजी फोनही त्यांच्याकडेच. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, आण इकडं, इंग्रजीच असनार.

ती इंग्रजी नव्हती. मी चौथी शिकलेली बाई, पण इंग्रजी कशी वाजते हे मला कळतं. नातवंडं घरात दुसरं बोलतात काय? ही भाषा वेगळीच होती, पत्र्यावर चिंचोके ओतल्यासारखी. ती बाई काहीतरी विचारायची आणि थांबायची. दीर म्हणायचे, येस. दीर इंग्रजीत काहीतरी विचारायचे, मग ती थांबायची आणि म्हणायची, येस. दोघं एकमेकांना येस देत राहिले. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती हे मलासुद्धा कळत होतं, कारण दर वेळी आवाज शेवटी वर जात होता. मग तिचा आवाज खाली आला, मऊ झाला, जसा आपण बहिऱ्या माणसाचा नाद सोडताना करतो. फोन बंद झाला.

सुनेने विचारलं, काय म्हणते. दिरांनी फोन खाटेवर ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. बोलले काहीच नाहीत.

आमच्याकडे म्हातारा माणूस टोपी उतरवून गप्प बसला की त्याला पुढे काही विचारत नाहीत. मयताला बोडक्या डोक्यानेच जातात, हे पोरांनाही माहीत असतं. जाऊ कुंपणापलीकडे लसूण सोलत होती. तिने टोपी पाहिली आणि गळा काढला. एवढ्यावर गाव गोळा झालं. हायवेच्या कडेच्या दुकानांची शटरं ओढून लोक आले. हल्ली निम्मे गाडीतून येतात. गाड्या लावायला जागा नव्हती म्हणून त्यातही भांडण झालं.

आमच्या बाजूच्या गावांना पाण्यावर माणूस जाणं नवं नाही. होडी परत आली नाही तर देहाची वाट बघत बसत नाहीत. दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि दिवस धरतात. समुद्र काही देह आणून देत नाही, म्हणून काढलेली ती तोड. पण अंगणातल्या म्हाताऱ्यांनी तीच तोड इथेही लावली. बॉडी त्या देशातून यायची म्हणजे कागदपत्रं आली, विमान आलं, तोवर घर सुतकात किती दिवस ठेवायचं, पुतळा करून मोकळे होऊ. एकाने पनवेलच्या भटजींना फोनसुद्धा लावला. कुणीतरी विचारलं, हे पेरू आलं कुठं. दुसरा म्हणाला, अमेरिकेच्या खाली. पहिला दिरांकडे बघून म्हणाला, मग तिकडं इंग्रजीच की, म्हणजे भावानी बरोबरच ऐकलं.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. परदेश म्हणजे इंग्रजी, हे या लोकांनी कुठून ठरवलं? त्याच एका समजुतीवर माझ्या सुनेच्या बांगड्या फुटणार होत्या.

मी दिरांसमोर जाऊन उभी राहिले. "भावजी, ती बाई काय म्हणाली?"

"हास्पिटलचा फोन होता, वैनी."

"ते मलाही माहीत आहे. पुढे?"

"शिरियस हाय."

"असं ती बोलली?"

"आता बोलन्यावरून कलतं ना मानसाला."

म्हणजे त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. माणूस वाईट नाही. घाबरून टोपी काढली असेल, घाम आला असेल. तीच टोपी त्यांनी उचलून परत डोक्यावर ठेवली असती तर सगळं जागच्या जागी थांबलं असतं. पण मग गावासमोर सांगावं लागलं असतं की मला ती भाषा आली नाही. त्यापेक्षा पुतण्या मेलेला बरा, असं काही त्यांच्या मनात नव्हतं. त्यांच्या मनात काहीच नव्हतं. ते नुसते बसले होते, आणि त्यांच्या त्या बसण्यावर लोक तिरडीची तयारी करत होते.

त्याच वेळी घरामागच्या खोलीतून नेहमीचा आवाज आला. ओला, ओला.

सरकारने आमची भातशेती घेतली तेव्हा बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर आम्ही खोल्या बांधल्या. त्यातल्या एकीत नागपूरकडचं जोडपं राहायचं. नवरा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर. बायको घरी बसून कम्प्युटरवर नोकरी करायची. संध्याकाळ झाली की कानाला ते यंत्र लावून मागच्या पायरीवर येऊन बोलत बसायची, कारण आत नवरा झोपलेला. बोलणं कसलं, मासळीचा लिलाव. मी तिला एकदा विचारलं होतं की ही कुठली भाषा. म्हणाली स्पॅनिश, ओला म्हणजे त्यांचं हॅलो. इथे कोण बोलतं म्हटलं. म्हणाली, इथे कोणीच नाही. मग कशाला बोलतेस? तर अमेरिकेत एक फोनची कंपनी आहे, तिच्या गिऱ्हाइकांपैकी बरीच माणसं मेक्सिको आणि तशाच देशांतून आलेली, त्यांना इंग्रजीपेक्षा ही भाषा बरी वाटते, त्यांची बिलं चुकली की ते हिच्यावर ओरडतात. मी तिला महिनाअखेर खोली खाली करायला सांगितली होती. मला रोज संध्याकाळी तो कालवा नको होता.

आता कान दिल्यावर वाटलं, फोनवरची बाई आणि ही एकाच गिरणीतलं दळण आहेत. शब्द कळत नव्हते, पण चाल तीच. मी खाटेवरचा फोन उचलला आणि मागे गेले.

मला बघून तिने कानावरचं यंत्र गळ्यात ओढलं. "आजी, मी हळूच बोलून राहिली. तुमच्याकडं असं झालं, मला समजतं न. आज मी आतच बसते."

"हा नंबर लाव आणि त्यांना त्यांच्या भाषेत विचार."

"काय विचारू?"

"मेलाय का."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, माझी शिफ्ट सुरू होणार आहे, साहेबाला सांगून येते. मी दारात उभी राहिले. तिने सांगितलं, आली, नंबर लावला.

पलीकडे हॉस्पिटलचं पहिलं माणूस, मग दुसरं, मग गाणं वाजायला लागलं. या सगळ्या जगात माणसाला ताटकळत ठेवायचं झालं की गाणं लावतात. मग पुन्हा कुणी आलं. ही बाई दोनदा थांबली, तोच प्रश्न फिरवून विचारला. मी म्हटलं, काय, येत नाही का तुला? तिने हाताने मला गप्प केलं. नंतर सांगितलं की क्लासमध्ये शिकवली ती स्पेनची, फोनवर ऐकते ती मेक्सिकोची, आणि ही तिसरीच, चाल वेगळी, काही वस्तूंची नावं वेगळी. मी म्हटलं, भाषा एक तर एकच का नाही. ती म्हणाली, तुमच्या दिरांची मराठी आणि माझी मराठी एक आहे का आजी? पण हे नंतरचं.

तेव्हा तिने फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, "जिवंत आहेत."

मी म्हटलं, "मग फोन कशाला केला होता?"

"ऑपरेशन झालं. पण ताप चढून आहे, शुद्ध नाही. त्यांना इंजेक्शन सुरू करायचं आहे, पण आधी विचारून राहिले की पेशंटला कुठलं औषध बाधतं का. जहाजाच्या कागदात काहीतरी लिहिलंय पण औषधाचं नाव नाही. मघाशी त्याच्यासाठीच फोन केला होता. घरच्या माणसानं सगळ्याच औषधांना हो म्हटलं, म्हणून डॉक्टर थांबलेत."

म्हणजे तिकडे डॉक्टर सुई हातात घेऊन थांबलेला, आणि इकडे आम्ही दर्भ शोधत होतो.

औषधाचं नाव मला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर एकदा पनवेलच्या दवाखान्यात सुई टोचल्यावर त्याचं तोंड सुजलं होतं, श्वास लागला होता, तेव्हा सून बरोबर होती. मी तर घरी होते. मी भाडेकरणीच्या दंडाला धरलं आणि तिला तशीच पुढे आणली, पायजमा, गळ्यात ती वायर, हातात चालू फोन. लोक बाजूला होईनात. एका म्हाताऱ्याने मला खुर्ची दिली. मी म्हटलं, खुर्ची नको, वाट द्या.

ओटीवर बायका रडत होत्या. मी ओरडले, तेव्हा कुठे त्या थांबल्या. रडणाऱ्या बायकांना थांबवणं फार कठीण, त्यांना ते अपमानासारखं लागतं. भाडेकरीण सुनेसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "वहिनी, दादा जिवंत आहेत. त्यांना कुठलं औषध चालत नाही?"

सुनेने मान वर केली. मला वाटलं आता ही रडेल, मग काय करायचं. पण ती रडली नाही.

"पेनिसिलिन," ती म्हणाली. "त्या जातीचं कुठलंच नाय चालत. आधी ओठ सुजतात, मग श्वास जातो. डॉक्टरांनी परत कधीच द्यायचं नाय सांगितलेलं."

भाडेकरणीने ते तिकडे सांगितलं. तिकडून काही विचारलं. तिने मराठीत विचारलं, साखर आहे का, रोजची गोळी कुठली, आधी ऑपरेशन झालंय का. सून एकेक उत्तर देत गेली, सावकाश, एकही शब्द वाया न घालवता. एका बाजूने जाऊ अजून तिचं मनगट धरून होती. ज्या बाईला विधवा करायला बसवलं होतं ती नवऱ्याच्या गोळ्या सांगत होती, आणि गाव ऐकत होतं. शेवटी सुनेने हिसडा देऊन हात सोडवला आणि फोन स्वतःच्या कानाला लावला. तिला काही कळणार नव्हतं. तरी ती पलीकडच्या बाईला म्हणाली, "त्यांना सांग, मी हाय."

भाडेकरणीने तेही सांगितलं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. लोकांना आनंद झाला, पण आधी थोडे नाराज झाले, मग आनंद झाला. स्कूटरवरून भटजी आले, त्यांना चहा दिला. शेजाऱ्यांनी सुतकाचं घर म्हणून भाताची आणि डाळीची पातेली आणून ठेवली होती, ती मी उचलून परत न्यायला लावली. जाऊ रुसली. म्हणाली, आमी काय वाईट चिंतलं काय तुजं? मी म्हटलं, नाही, तुम्ही फक्त घाई केली. दीर टोपी घालून केव्हा घरी गेले कुणी पाहिलं नाही. ते चार दिवस फिरकले नाहीत. पुढे कुणी विषय काढला की म्हणायचे, मी कधी म्हनालो का तो गेला म्हनून? मी तोंडातून शबुद काढला नाय. ते खरंच आहे. त्यांनी शब्द काढलाच नव्हता.

मुलाचा ताप उतरायला बरेच दिवस गेले. कंपनीचं ऑफिस सोमवारी उघडलं आणि पुन्हा काळजी करू नका म्हणालं. खरी खबर मागच्या खोलीतून यायची. ती शिफ्टआधी हॉस्पिटलला फोन लावायची, गाणं वाजत असायचं, मी पायरीवर बसून असायचे. त्या गाण्यात मी तिला विचारलं की स्पेन कुठे आणि पेरू कुठे, मग यांची भाषा तिथे कशी. ती म्हणाली, स्पेनवाले जहाजं घेऊन गेले, सोनं घेतलं, जमीन घेतली, आपला देव दिला आणि भाषा दिली. तिथल्या लोकांच्या आधीच्या भाषा होत्या, त्यातल्या काही डोंगरात अजून बोलतात, बंदरात कुणी विचारत नाही. आणि आता तीच माणसं पोटासाठी अमेरिकेत जातात, तर ती भाषा बरोबर घेऊन जातात, म्हणून अमेरिकेतल्या कंपनीला ती बोलणारं माणूस लागतं, आणि ते पनवेलात स्वस्त मिळतं.

मला तर हा सगळा व्यवहारच डोक्यात गेला. कुणाची जमीन, कुणाची भाषा, आणि कालवा माझ्या घरामागे. बटाटा, अननस, मिरची हे सगळंही तिकडूनच आलं, स्पेनच्या शेजारच्या पोर्तुगीजांनी आपल्याकडे उतरवलं, असं तिने सांगितलं. मग भाषा कशी नाही उतरवली म्हटलं. ती म्हणाली, थोडी उतरवली, रेवदंड्याकडे एका गावात त्यांच्यासारखं बोलतात अजून. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर बरंही वाटलं नाही. जमीन घेणारे आले की भाषेचं काय होतं हे मला पेरूला जाऊन बघायची गरज नाही. आमच्या गावात आता टॉवर आहेत, टॉवरमध्ये हिंदी आहे. माझी नातवंडं आमचं गावचं हाय-नाय बोलायला लाजतात. मी तसं बोलले तर हसतात, म्हणतात, आजी, परत बोल ना, व्हिडिओ काढतो. स्पेनच्या लोकांनी निदान तलवार तरी काढली असेल. आमची पोरं फोन काढतात.

महिना संपत आला तेव्हा मी भाडेकरणीला म्हटलं, राहायचं तर राहा. ती म्हणाली, नाही आजी, आम्ही खारघरला खोली पाहिली, तुमच्याकडे पाणी नाही येत दुपारचं. पाणी दुपारचं येत नाही हे खरं आहे. गेली. तिच्या जागी रेल्वेतला एक माणूस आला, तो काहीच बोलत नाही. तिचा आवाज मोठाच होता, हे मी आजही म्हणेन.

मुलगा घरी आला तेव्हा अर्धा झाला होता. त्याला गावभरच्या लोकांनी त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली, प्रत्येकाने आपापली. दिरांनीही सांगितली. तो हसला, पुतळ्याचं ऐकून तर फारच हसला. सून तेव्हा आत मासे साफ करत होती. ती बाहेर आली नाही आणि हसलीही नाही.

आता तो पुन्हा जहाजावर गेला आहे. त्याला त्यातलं काहीच आठवत नाही, ना ते हॉस्पिटल, ना तो ताप. तो बेशुद्ध होता. मी धावपळीत होते, दीर खुर्चीवर होते, गाव अंगणात होतं. ती संध्याकाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जागी बसून काढली ती माझ्या सुनेने.